गुडमार सुरू करताय? आधी वही, मग पान

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत गेल्या दोन वर्षांत सात-आठ घरांत तरी गुडमारच्या, म्हणजे मधुमेहावर घेतात त्या वेलीच्या पानांच्या, चूर्णाची बाटली आली. बहुतेक घरांत घडलं ते एकसारखंच. पहिल्या दिवशी चूर्ण सुरू, आठवड्याने साखर तपासली, आकडा थोडा खाली दिसला की पुढच्या आठवड्यात मधुमेहाची गोळी बंद. हा क्रम उलटा आहे, आणि त्याचा त्रास मी डोळ्यांसमोर पाहिलाय. म्हणून करायच्या गोष्टी करायच्या त्याच क्रमाने लिहितोय.

हा लेख टाइप २ मधुमेह असलेल्या, डॉक्टरांची औषधं चालू असलेल्या आणि त्यांच्या जोडीला गुडमार घेऊ इच्छिणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. टाइप १ असेल, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नसेल, तर हा प्रयोग घरी करू नका. इन्सुलिन चुकवलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. त्याची जागा कुठलंही पान घेऊ शकत नाही.

## टप्पा १ : आठ दिवस फक्त मोजा

चूर्णाच्या आधी एक वही आणा. रकाने आखा: तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, त्या दिवशी घेतलेल्या गोळ्या, आणि शेवटी एक रुंद रकाना "काय वेगळं झालं" यासाठी. लग्नाचं जेवण, उपास, रात्रीचं जागरण, सर्दी-ताप, सगळं त्यात लिहायचं. आठ दिवस नेहमीचंच खा, नेहमीच्याच गोळ्या घ्या. मोजण्याच्या पट्ट्या स्वस्त नसतात हे खरं. रोज दोनदा जमत नसेल तर एक दिवस उपाशीपोटीची आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची घ्या. पण हे आठ दिवस गाळू नका. पुढे फरक पडला की नाही, हे याच पानावरून ठरणार आहे.

मोजण्यातच इतक्या चुका होतात की नंतर चूर्णाला दोष किंवा श्रेय देण्यात अर्थ राहत नाही.

- हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा चिकू कापलेल्या बोटावर फळाची साखर राहते आणि मीटर तीच मोजतं. चुटपुटतं पुसलेलं बोट चालत नाही.
- टोचताना बोटाच्या टोकाची कड घ्या. मधोमध टोचलं की दुखतं. रक्त यावं म्हणून बोट पिळू नका.
- "उपाशीपोटी" म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. तलावपाळीला फेरी मारून, वाटेत अर्धा कप चहा घेऊन आल्यावरची साखर उपाशीपोटीची नसते.
- जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.
- पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली की पट्ट्या दमट होतात आणि आकडे भरकटतात.

चांगल्या घरगुती मीटरलाही साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. खरी साखर १२० असताना मीटरने १०५ किंवा १३५ दाखवलं, तरी ते मीटर बिघडलेलं नाही. त्यामुळे काल १३८ होती, आज १२६ आली, यावरून चूर्ण लागू पडलं असं म्हणता येत नाही. आठ दिवसांच्या आकड्यांची सरासरी काढा आणि तीच लक्षात ठेवा.

याच आठवड्यात प्रयोगशाळेत तीन तपासण्या करून घ्या: मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेसाठी एचबीएवनसी, यकृतासाठी एसजीपीटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. यकृताची तपासणी बरेच जण टाळतात. पण गुडमार घेतल्यावर यकृताला सूज आल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं आहे. असं क्वचितच होतं, पण आधीचा आकडा हातात नसेल तर पुढे वाढलेला आकडा कशाने वाढला हे सांगता येणार नाही.

तपासा: वहीत आठ दिवस भरलेत? रिपोर्ट हातात आहेत? नसतील तर इथेच थांबा.

## टप्पा २ : गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे

नुसतं नाव सांगू नका, पाकिटं पिशवीत घालून न्या. तुमच्या गोळीने एकटीने साखर फार खाली जाऊ शकते का, हा इथला कळीचा प्रश्न आहे.

फक्त मेटफॉर्मिन असेल तर तो धोका कमी असतो. पाकिटावर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड लिहिलेलं असेल, तर ही औषधं जेवण चुकलं तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यात गुडमारची भर पडली की साखर ७० च्या खाली घसरण्याची शक्यता वाढते. बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तसंच. अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, म्हणून बारीक अक्षरं वाचा किंवा केमिस्टकडून वाचून घ्या.

मधुमेहाच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "मी गुडमार सुरू करणार आहे, गोळीत काही बदल हवा का?" रागावतील म्हणून लपवणारे लोक मला माहीत आहेत. लपवू नका. साखर अचानक का घसरली ते डॉक्टरांना कळलं नाही, तर ते भलतीच गोळी कमी करतील. आयुर्वेदाचा सल्ला हवा असेल तर महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा आणि त्यांनाही हीच वही दाखवा.

यांनी घेऊ नये: गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, यकृताचा विकार असलेले, आणि येत्या दोन आठवड्यांत ऑपरेशन ठरलेलं असेल ते.

## टप्पा ३ : पान नेमकं तेच आहे ना?

इथला घोटाळा बराचसा नावांमुळे होतो. गुडमार म्हणजे मधुनाशिनी, काही भागांत बेडकीचा पाला, संस्कृतात मेषशृंगी. आता मेषशृंगीच्या अगदी जवळ जाणारं मराठी नाव आहे मेडशिंगी. पण मेडशिंगी हा वेगळा वृक्ष आहे, त्याला पांढरी फुलं आणि लांब वाकड्या शेंगा येतात. दुसरी गल्लत गुडूचीशी होते. गुडूची म्हणजे गुळवेल. आमच्या मजल्यावरच्या एक ताई "गुडमारच आहे हो" म्हणत महिनाभर गुळवेलीचा काढा पीत होत्या.

पान हातात घेऊन पाहा. गुडमारची पानं वेलीवर समोरासमोर जोडीने येतात. आकार लांबट अंडाकृती, टोकाला निमुळता, लांबी बहुधा तीन ते सहा सेंटीमीटर. पानावरून अंगठा फिरवला तर मऊ लव लागते. गुळवेलीचं पान गुळगुळीत, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, आणि एका ठिकाणी एकच येतं. जोडी दिसली नाही तर ती वेल सोडून द्या.

मिळवायचं कुठून? तीन मार्ग आहेत.

रोप लावणं मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांत आधी फोन करून विचारा. बारा इंची कुंडी, निचरा होणारी माती आणि चढायला काठी किंवा गॅलरीची जाळी एवढं पुरतं. तीन-चार पेरं असलेल्या फांदीपासूनही रोप होतं, त्यासाठी फेब्रुवारी-मार्च बरा. पहिल्या वर्षी पानं तोडू नका, वेल अंग धरू द्या.

दुसरा मार्ग काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेली अख्खी पानं आणण्याचा. जांभळी नाक्याकडे किंवा वाशीच्या मसाला मार्केटकडे चौकशी करा. पूड नको, पानंच मागा. पान ओळखता येतं, पूड येत नाही.

तिसरा तयार चूर्णाचा. त्याच्या लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि मुदत हे चारही हवेत. "मधुमेह मुळापासून बरा" असं छापलेलं असेल तर बाटली परत ठेवा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने मनाई आहे. सुटं, बिनलेबलचं, चार दिवसांत साखर पाडणारं चूर्ण तर मुळीच नको. अशा पुड्यांत मधुमेहाच्या ॲलोपॅथी गोळ्या दळून घातल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. वर तुम्ही स्वतःची गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते.

इशारा: येऊरच्या जंगलातून पाला तोडून आणू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथली झाडं-वेली तोडणं गुन्हा आहे.

## टप्पा ४ : जिभेवरची परीक्षा

ही परीक्षा सोपी आहे, पण लोक ती अर्धवट करतात. चूळ भरा. चिमूटभर साखर जिभेवर ठेवून तिची गोडी नीट लक्षात घ्या. पुन्हा चूळ भरा. मग दोन ताजी पानं, किंवा पाव चमचा पूड, तोंडात घेऊन मिनिटभर घोळवा. रस जिभेच्या टोकापासून कडांपर्यंत सगळीकडे फिरला पाहिजे. थुंका, चूळ भरा, आणि पुन्हा साखर घ्या.

गुडमार खरं असेल तर साखर बारीक वाळूसारखी लागते. दाणे जाणवतात, विरघळतात, गोडी मात्र येत नाही. गूळ घेतलात तर त्यातला खारटपणा तेवढा कळतो. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडी ओळखणारी जागा अडवून बसतात, म्हणून असं होतं. अर्ध्या ते एका तासात गोडी परत येते.

साखर तशीच गोड लागली तर माल भलता आहे किंवा फार जुना झालाय. टाकून द्या.

आता या परीक्षेचा जो चुकीचा अर्थ लावला जातो तो बघा. गोड *लागलं* नाही म्हणून साखर रक्तात *गेली* नाही, असं होत नाही. पान चावून वर दोन पेढे खाल्ले तर ते पेढे पोटात जाऊन पूर्ण साखर देतातच. जिभेला गोडी न कळणं ही मालाची ओळख. रक्तातल्या साखरेचं उत्तर वहीतच मिळेल.

## टप्पा ५ : वाळवणं, दळणं, साठवणं

(तयार चूर्ण घेणाऱ्यांनी या टप्प्यातलं साठवणीचं तेवढं वाचावं.)

ठाण्यात हे काम ऑक्टोबर ते मार्चमध्येच करा. जून ते सप्टेंबरात हवा इतकी दमट असते की पान वाळण्याआधी बुरसतं. बुरशीचं विष दळून काढता येत नाही आणि तव्यावर परतूनही जात नाही.

१. सकाळी दव सुकल्यावर पूर्ण वाढलेली, हिरवी, निरोगी पानं तोडा. कोवळे शेंडे राहू द्या. एका वेळी वेलीवरची तिसरा हिस्सा पानंच घ्या.

२. दोन पाण्यांतून धुवा, मग सुती पंचावर पसरून वरचं पाणी पूर्ण टिपून घ्या. घाई होते ती इथेच. ओलसर पानांचा ढीग रात्रभर राहिला तर सकाळी मधली पानं काळी पडलेली दिसतात.

३. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, चाळणीवर किंवा पंचावर एकाच थरात पसरा. कुरडया-पापडांसारखं गच्चीवर कडक उन्हात टाकू नका, पानं पिवळट पडतात. रोज एकदा उलटा. सात-आठ दिवस लागतात.

४. वाळलं का, हे देठावरून ओळखा. पानाचं पातं आधी वाळतं, देठ मागे राहतो. देठ वाकवल्यावर *कट्* असा मोडला तर झालं. नुसता वाकला तर आणखी दोन दिवस. मागच्या हिवाळ्यात मी २०० ग्रॅम ओली पानं घेतली होती, देठ मोडायला लागला तेव्हा काट्यावर ५२ ग्रॅम भरली.

५. मिक्सरच्या कोरड्या भांड्यात थोडं थोडं दळा. भांडं तापू लागलं की थांबा. वस्त्रगाळ करा. वर राहिलेला चोथा पुन्हा दळा.

६. एका वेळी महिन्याला पुरेल एवढंच दळा. बाकीची पानं अख्खीच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात ठेवा. बरणीवर तारीख चिकटवा. चमचा नेहमी कोरडा. गॅसच्या ओट्यावर बरणी नको, वाफ लागते.

तपासा: बरणी उघडल्यावर हिरवट, गवतासारखा वास यायला हवा. कुबट वास किंवा गुठळ्या म्हणजे ओल शिरली. उन्हात घालून वाचवायच्या भानगडीत पडू नका, फेकून द्या.

## टप्पा ६ : मात्रा

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात पानांच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे. तुमची मात्रा वैद्य ठरवतील. मला सांगायचंय ते मोजण्याबद्दल. "एक चमचा" ही मात्रा नव्हे. माझ्या घरच्या चहाच्या चमच्यात सपाट भरलं तर जेमतेम २ ग्रॅम बसतं, शिगोशिग भरलं तर जवळपास दुप्पट. एकदा वजनकाट्यावर आपला चमचा मोजा आणि तोच चमचा बरणीत ठेवा.

कॅप्सूल घेणार असाल तर लेबल वाचा. त्यात नुसतं चूर्ण आहे की अर्क? अर्क कित्येक पट तीव्र असतो. ४०० मिलिग्रॅम अर्काला ४०० मिलिग्रॅम चूर्ण समजू नका. चूर्ण *आणि* कॅप्सूल दोन्ही तर कधीच नको.

पहिला आठवडा ठरलेल्या मात्रेच्या अर्धंच घ्या, कोमट पाण्याबरोबर, जेवणाच्या थोडं आधी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. आणि एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. गुडमार, मेथी, कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड एकाच सोमवारी सुरू केली, तर कशाने काय झालं ते वहीतून कधीच कळणार नाही.

इशारा: जेवण होणार नसेल तर चूर्ण नाही. उपासाच्या दिवशी तर नाहीच.

## टप्पा ७ : पहिले पंधरा दिवस, डोळ्यांत तेल घालून

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका ग्लिमेपिराइड घेतात. संकष्टी होती. सकाळी गोळी घेतली, दिवसभर फक्त चहा, आणि संध्याकाळी चंद्रोदयाची वाट पाहत त्यांनी चूर्ण घेतलं, तेही शिगोशिग चमचा. थोड्या वेळाने घामाने बनियन भिजलं, हात थरथरायला लागले. काकूंनी घाईघाईने साखर तोंडात घातली तर काकांनी ती थुंकली. "ही साखर नाही गं, काहीतरी दुसरं दे," एवढंच म्हणत राहिले. काकूंनी डबा पुन्हा पाहिला, साखरच होती. जिभेवर गुडमार असल्यामुळे त्यांना ती गोड लागत नव्हती, आणि साखर घसरल्यामुळे डोकं चालत नव्हतं. शेवटी पाण्यात ग्लुकोज ढवळून पाजलं तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत माणूस ठिकाणावर आला. मीटरवर पहिला आकडा ४८ होता.

म्हणून घरातल्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा:

- थरथर, गार घाम, धडधड, अचानक भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसलं की लगेच मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर वाट पाहू नका.
- १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन-चार सपाट चमचे, पाण्यात घालून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. मग पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट काहीतरी खायला द्या.
- गोड लागलं नाही तरी गिळायचंच. साखर आपलं काम करते, जिभेला कळो न कळो.
- गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरची साखर उशिरा लागू पडते. ग्लुकोजचीच पूड घरात ठेवा.
- माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

या पंधरा दिवसांत वही रोज भरा. घरी हातात मीटर असलेलं कुणी नसेल तेव्हा नवी मात्रा सुरू करू नका. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवेलच असं नाही, त्यांनी लक्षणांवर न विसंबता आकडाच पाहावा.

डोळे किंवा लघवी पिवळी-गडद होणं, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं यांपैकी काहीही दिसलं तर चूर्ण त्याच दिवशी बंद करा आणि एसजीपीटी करून घ्या.

## टप्पा ८ : तीन महिन्यांनी हिशोब

एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते, म्हणून महिन्याभरात पुन्हा करून उपयोग नाही. तीन महिन्यांनी तीच प्रयोगशाळा, त्याच तीन तपासण्या. वहीतली आठ दिवसांची सरासरी पहिल्या सरासरीशेजारी लिहा.

अपेक्षा किती ठेवायची? चेन्नईतल्या, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ च्या २२ जणांना त्यांच्या गोळ्यांसोबत रोज ४०० मिलिग्रॅम पानांचा अर्क १८ ते २० महिने दिला होता. साखर सुधारली, बऱ्याच जणांची गोळी कमी झाली, पण गोळी पूर्ण सुटली ती फक्त पाच जणांची. तीही दीड वर्षाहून अधिक काळ देखरेखीखाली राहून. अभ्यास लहान होता, म्हणून त्यावर फार मोठा भार टाकू नका. पण पंधरा दिवसांत स्वतःच गोळी सोडणाऱ्यांनी ते *पाच* आणि ते *महिने* दोन्ही लक्षात घ्यावेत.

फरक दिसला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी कमी करायची की नाही ते ठरवतील. फरक दिसला नाही तर चूर्ण बंद करा. मात्रा वाढवत राहू नका.

बंद करतानाही वही मिटू नका. मधल्या काळात डॉक्टरांनी गोळी कमी केली असेल, तर चूर्ण थांबल्यावर साखर वर जाऊ शकते. पुढचे दोन आठवडे उपाशीपोटीची साखर मोजत राहा. ऑपरेशन ठरलं तर किमान दोन आठवडे आधी चूर्ण थांबवा, आणि भूलतज्ज्ञ कोणकोणती औषधं चालू आहेत असं विचारतील तेव्हा गुडमारचंही नाव सांगा, मग ते चूर्ण घरच्या कुंडीतल्या पानांचं असलं तरी.